शेजारच्या माणसाचं ताट

मापबाईंचं काम ऐकलं की लोक आधी हसायचे. हसणारच हो! बाई दारात उभी राहते, खांद्याला पिशवी, पिशवीत वजनकाटा, मापाचे चमचे, झाकणाचे डबे, आणि विचारते काय, तर काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लंत! घरच्या माणसांनी जे कधी विचारलं नाही ते ही परकी बाई विचारते. आणि हा सगळा खटाटोप कशासाठी, तर जेवणातून माणसाच्या पोटात व्हिटॅमिन डी किती जातं ते मोजायला. "ते तर उन्हातून मिळतं ना? ऊन फुकट आहे, मग मोजता काय?" असं विचारणारा एक तरी शहाणा प्रत्येक गल्लीत भेटायचाच. मापबाई न चिडता सांगायच्या, की बाबा, उन्हातून मिळतं हे खरं, पण जे उन्हात जातच नाहीत त्यांचं काय? त्यांच्या हाडांची भिस्त मग अंड्याच्या बलकावर, तेलकट माशावर, दुधावर. तेवढं तरी त्यांच्या पोटात जातं का, एवढंच बघायचं आहे.

आता नुसतं विचारून खरं कळतं असा कुणाचा समज असेल तर त्यानं तो सोडावा. माणूस वयाबद्दल बोलत नाही इतकं खोटं जेवणाबद्दल बोलतो. रोज गोड हादडणारा सांगतो, गोडाला मी हात लावत नाही. अर्धपोटी राहणारी सांगते, भरपेट झालं हो, आता घास जाणार नाही. म्हणून मापबाईंच्या प्रयोगशाळेनं वेगळी रीत धरली होती. आठवडाभर त्या घरात डबे ठेवायचे. ज्या माणसाचं मोजायचं त्यानं जे खाल्लं तेच, आणि तेवढंच, डब्यातही वाढायचं. अर्धा पाव खाल्ला, तर अर्धा पाव डब्यात. दोन घोट दूध प्यायलं, तर दोन घोट डब्यात. संध्याकाळी मापबाई भरलेले डबे नेणार आणि धुतलेले रिकामे ठेवून जाणार. प्रयोगशाळेत ते सगळं मोठ्या मिक्सरमध्ये पडायचं. मासा, पाव, चहा, अंडं, सगळं एकत्र. तो राखाडी लगदा बघवत नसे. पण त्यातून आकडा निघायचा, आणि प्रयोगशाळेचा त्या आकड्यावर फार विश्वास.

ही रीत लोकांना समजावायची म्हणजे डोक्याला ताप. कुणी डब्यात शिळं घालायचं, कुणी पाहुण्याला द्यावं तसं चांगलंचुंगलं घालायचं, एकीनं तर डबाच घासूनपुसून कपाटात ठेवून दिला, म्हणे इतका सुंदर डबा, खरकटा कशाला करू! शेवटी मापबाईंनी एक वाक्य घडवलं. "असं समजा, तुमच्या शेजारी आणखी एक माणूस जेवायला बसलाय. त्याचं ताट म्हणजे हा डबा." एवढं म्हटलं की सगळ्यांना कळायचं. म्हातारी माणसं तर लगेच मान डोलवायची. मापबाई या वाक्यावर भलत्याच खूश होत्या.

खूश होत्या, पण त्या वाक्याची त्यांना थोडी भीतीही वाटायला लागली होती. अनेक वर्षं परक्या स्वयंपाकघरांमधून ते म्हटल्यावर शेजारी बसलेला तो माणूस त्यांची पाठ सोडीना. कुठेही कुणी जेवत असलं की त्यांची नजर आधी शेजारच्या मोकळ्या जागेकडे जायची. घरी भाऊ-भावजयीबरोबर जेवतानासुद्धा. "वन्सं, तिकडं काय बघता? भुताला वाढू का थोडं?" असं वहिनी चेष्टेनं म्हणायची, आणि मापबाई हसून खाली बघायच्या.

हसण्यावारी नेलं तरी त्यांना ठाऊक होतं, की त्या जागेवर त्यांना कोण दिसतं. त्यांची आई. आई स्वयंपाकघरात उभी होती ती खाली कोसळली, खुब्याचं हाड मोडलं. हाड इतकं पोकळ झालेलं, की पडली म्हणून मोडलं की मोडलं म्हणून पडली, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. ती पुन्हा उठलीच नाही. जन्मभर सगळ्यांना वाढून तिनं उरलंसुरलं खाल्लं होतं, आणि ते किती उरायचं हे घरात कुणी बघितलं नव्हतं. मापबाईंनी तरी कुठं बघितलं होतं?

तर अशा या मापबाई एकदा बटनआजींच्या दारात गेल्या.

बटनआजी म्हणजे तयार कपड्यांच्या दुकानांसाठी काजं-बटणं करून आयुष्य काढलेली बाई. मागच्या गल्लीत, तळमजल्यावर दोन खोल्या. बाहेर लख्ख दुपार, आणि आत दिवा लावलेला! आतल्या खोलीच्या दाराला जाड काळा पडदा, दुहेरी शिवलेला, आणि खिडकीलाही तसाच. मापबाईंनी तोंड उघडलं तोच आजींनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू हं. आत झोपलेत हे. रात्रपाळीचं माणूस."

मापबाईंचा आवाज आपोआप खाली आला. दाराशी पुरुषाचे बूट होते, पॉलिश केलेले. खिळ्याला टॉर्च लटकत होता. गोदामावर चौकीदार, आजींनी कुजबुजत सांगितलं. रात्रभर जागायचं नि दिवसा झोपायचं, म्हणून घरात उजेड येऊ द्यायचा नाही. उजेडानं त्यांची झोप चाळवते.

"आणि तुम्ही? तुम्ही कधी उन्हात बसता की नाही?"

"मी काय करू उन्हात? काजं घरातच होतात."

आजी भिंतीला धरून चालत होत्या. उठताना "आई गं" म्हणत, बसताना "आई गं" म्हणत, आणि दोन्हीच्या मध्ये हसत. भिंतीवरचा तो हात मापबाईंनी बघून ठेवला. त्यांनी आजींना सगळं समजावलं, आणि आपलं ते लाडकं वाक्यही म्हटलं. आजी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "शेजारच्या माणसाचं ताट तुम्हाला हवंय?"

"हो आजी. तेच डब्यात घालायचं."

"बरं बाई. नेत जा."

तो आठवडा मापबाईंना आवडला. डबे असे सुरेख भरलेले, की बघत राहावं. उकडलेलं अंडं, माशाचा चांगला जाड तुकडा, वाटीभर दूध. अहो, या वयात असं नीट खाणारी बाई मिळते कुठं! "एवढंच जेवण झालं ना आजी?" असं त्या रोज विचारायच्या, आणि आजी रोज म्हणायच्या, "ताटात होतं ते सगळं दिलंय." मापबाई पायांचा आवाज न करता यायच्या, डब्यांची झाकणं हलकेच लावायच्या. एकदा पडद्याआड कुणी खोकल्यासारखं झालं. मापबाईंनी विचारलं, "बरं नाही का त्यांना?" आजींनी कान देऊन ऐकलं, पडद्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "गारठा बाधतो त्यांना." शेवटच्या दिवशी निघताना आजींनी त्यांचा हात धरला. "आता येणार नाही तुम्ही डबा न्यायला?" त्यांचा चेहरा इतका पडला, की मापबाईंना अपराधी वाटलं. उगाचच, असं तेव्हा त्यांना वाटलं.

मग आकडे आले. नर्सनं आजींचं रक्तही नेलं होतं. प्रयोगशाळेच्या डॉक्टर मॅडमनी मापबाईंना बोलावून घेतलं.

"या तुमच्या बटनआजी. डब्यात व्हिटॅमिन डी इतकं, की सगळ्या वस्तीत कुणाचं नाही. आणि रक्तात जवळजवळ काहीच नाही. हे कसं काय?"

"डबा बदलला गेला असेल का, मॅडम?"

"मलाही आधी तेच वाटलं. पण सगळे डबे तसेच. म्हणजे पोटात गेलेलं अंगी लागत नाहीये. आतडं असेल, लिव्हर असेल, काहीतरी मोठं असेल. त्यांना मोठ्या हॉस्पिटलात दाखल करून तपासायला हवं. मी त्यांच्या पुतणीला फोन केला होता. ती सोमवारी न्यायला येतेय. म्हणाली, आता परत एकटीला ठेवणार नाही, खोल्याही मालकाला देऊन टाकते."

"एकटीला?" मापबाई म्हणाल्या. "अहो, नवरा आहे ना त्यांचा घरात."

मॅडमनी खांदे उडवले. पुतणी काही तसं बोलली नव्हती. मॅडमनी आजींनाही फोनवर कळवलं होतं, त्या मात्र एकच म्हणत होत्या, मी गेले तर ह्यांना कोण वाढेल? मग मॅडम म्हणाल्या, "तुमचं त्यांच्याशी जमतं. तुम्हीच जाऊन एकदा नीट बघून या. मला ही दोन टोकं जुळवता येत नाहीत."

मापबाई तडक निघाल्या. चालता चालता डोक्यात एकच, की काकांशी बोलायचं. झोपेतून उठवावं लागलं तरी चालेल, बायकोची हाडं मोडायला आली आहेत आणि हा बाबा पडद्याआड घोरत पडलाय! गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाला उभा होता. त्याला त्यांनी विचारलं, "भाऊ, चौकीदार काका कधी उठतात हो? मला त्यांना भेटायचंय."

इस्त्रीवाल्यानं इस्त्री उभी करून ठेवली.

"कुठले चौकीदार काका?"

"बटनआजींचे यजमान."

"अहो बाई," तो म्हणाला, आणि त्यानं इकडे तिकडे बघून आवाज उतरवला, "ते जाऊन तीन वर्षं झाली. आम्हीच तर उचललं त्यांना."

मापबाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. भर दुपारी, उन्हात. आठवडाभर त्या कुणासाठी दबक्या पावलानं वावरल्या होत्या? कुणाची झोपमोड होऊ नये म्हणून झाकणं जपून लावली होती? आणि तो खोकला? खोकल्याचा विचार त्यांनी तिथंच थांबवला. थांबवला नसता तर त्या दारापर्यंत गेल्याच नसत्या.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत दिवा होता. टेबलावर दोन ताटं मांडलेली, दोन खुर्च्या. एका ताटात अंडं, मासा, दुधाची वाटी. त्या ताटासमोर कुणी नव्हतं. दुसऱ्या खुर्चीत बटनआजी बसल्या होत्या, आणि कोरा चहा नि अर्धा पाव एवढंच त्यांचं जेवण होतं. चहात पाव बुडवून त्या खात होत्या, आणि मधूनमधून रिकाम्या खुर्चीकडे बघून मान हलवत होत्या.

मापबाईंचे पाय जागच्या जागी खिळले. शेजारी आणखी एक माणूस जेवायला बसलाय असं समजा, त्याचं ताट म्हणजे हा डबा. त्यांचेच शब्द! आजींना समजायची काही गरजच नव्हती. त्यांच्या शेजारी तो माणूस रोज बसतच होता. मापबाईंनी मागितलं, आजींनी दिलं. सगळा आठवडा प्रयोगशाळेच्या काट्यावर एका मेलेल्या माणसाचं जेवण मोजलं गेलं होतं, आणि त्या आकड्याच्या जोरावर एका जिवंत बाईला घराबाहेर काढणार होते.

"या ना," आजी कुजबुजल्या. "दारात का उभ्या?"

मापबाई आत गेल्या, पण त्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ करायचा त्यांना धीर होईना. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"आजी, काका... काका आत झोपलेत म्हणाला होतात."

आजींनी पाव खाली ठेवला.

"म्हणजे कुणीतरी सांगितलं तुम्हाला." त्या जराही दचकल्या नाहीत. "मी वेडी नाही हं. गेलेत ते मला माहीत आहे. पण इतकी वर्षं दारात आलेल्याला हळू बोला म्हणत आले, ते तोंडून निघून जातं. आणि मग म्हटल्यावर वाटतं, असतील. पडदा उघडला नाही तर असतीलच की. उघडूनच कशाला बघायचं?"

"आणि हे ताट?"

"वाढलं नाही तर मला घास उतरत नाही. नंतर मागच्या अंगणात मांजरं खातात, तेही मला माहीत आहे. रोज भरलेलं ताट उचलताना जीव नको होतो. त्या आठवड्यात तुम्ही न्यायचात..." आजींचा आवाज हलला. "संध्याकाळी डबा रिकामा परत यायचा. घासलेला. जेवून उठल्यासारखा. तुम्हाला काय सांगू! मला वाटायचं, आज जेवले."

मापबाईंच्या डोळ्यात टचकन पाणी आलं. त्यांना तिथून पळून जावंसं वाटत होतं, खरं सांगायचं तर. डबे घेऊन रोज यावं, आजींना वाटतं ते वाटू द्यावं, असंही क्षणभर वाटलं. पण आजींचा भिंत धरलेला हात त्यांच्या डोळ्यांपुढून जाईना, आणि त्यामागे उभी असलेली आई. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि आवाज कडक केला.

"ऐका आजी. मी आज मॅडमना सांगते, तो डबा तुमचा नव्हता. मग मोठ्या हॉस्पिटलचं काही कारण उरत नाही. औषध इथंच मिळेल, घरातच राहाल. पुतणीला मी समजावते. पण मला पुन्हा आठवडाभर डबा लागेल. तुमचा. आणि त्यात हा चहा-पाव दिसला, तर तुमचं जाणं आठवडाभर लांबेल एवढंच. हॉस्पिटल चुकणार नाही. पाय चालेनासे झाले तर घर ठेवून काय करणार तुम्ही?"

"मला पुरतं गं एवढं. हे चांगलंचुंगलं ह्यांचं आहे."

"ते खातात का?"

आजींनी त्या ताटातली दुधाची वाटी उगाच नीट सरकवली. मापबाईंना काय सुचलं कोण जाणे. त्यांनी एक स्टूल ओढलं आणि त्या रिकाम्या खुर्चीसमोर बसल्या.  शब्द रोजचेच होते, ते आपसूक आले.

"काका, नमस्कार. काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लंत?"

खोलीत आवाज नाही. दिव्याची वात हलावी तसंही काही नाही. आजी पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"काय म्हणतात, आजी? मला ऐकू येत नाही. तुम्ही सांगा."

आजींनी खुर्चीकडे कान दिला.

"काही नाही म्हणतात," आजी म्हणाल्या.

"परवा?"

"परवाही नाही."

"त्याच्या आधी?"

आजींनी मान हलवली. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मापबाईंनाही आता रडू आवरेना, तरी त्या बोलल्या.

"आणि तुमचं विचारतात का काही? तुम्ही काय खाल्लंत ते?"

"कामावर निघताना रोज विचारायचे," आजी म्हणाल्या. "बूट चढवता चढवता. तू जेवून घेतलंस ना? मी म्हणायचे, हो."

"घेतलेलं असायचं?"

 आजी त्या ताटाकडे बघत राहिल्या. मग हात लांब करून त्यांनी ते आपल्याकडे ओढलं, घाबरत घाबरत, कुणी हातावर चापट मारेल अशा भीतीनं. माशाचा लहानसा तुकडा मोडून तोंडात घातला. चावता चावता त्या थांबल्या.

"अगं," त्या म्हणाल्या, "हे अळणी आहे."

मापबाईंना काही कळेना.

"डॉक्टरांनी ह्यांचं मीठ तोडलं होतं. मग मी ह्यांचं वेगळं शिजवायला लागले. ह्यांच्या वाट्याचं कमी होईल म्हणून कधी चाखूनही बघितलं नाही." आजींनी आणखी एक घास घेतला. "चव म्हणून नाही गं ह्याला. घशाखाली उतरत नाही. आणि हे रोज म्हणायचे, झकास झालंय! इतकी वर्षं, रोज! ताट पुसून खायचे. एकदा तरी तोंड वाकडं करावं माणसानं!"

त्या हसल्या, आणि हसता हसता मोठ्यानं रडल्या. त्या घरात इतक्या मोठ्यानं कुणी तीन वर्षांत बोललंसुद्धा नसेल. पडद्याआड काही हललं नाही. मापबाई डोळे पुसत उठल्या आणि फळीवरचा मिठाचा डबा शोधायला लागल्या.

"राहू दे," आजी म्हणाल्या. "मीठ नको."

आणि त्यांनी ते सगळं ताट तसंच अळणी खाऊन संपवलं.